औषधनिर्माता : एका नावाची आणि एका व्यवसायाची वाटचाल



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी पुष्कळजण पुढे औषधांच्या व्यवसायात शिरले. कोणी बडोद्यातल्या कारखान्यांत गेले, कोणी स्वतःचे दुकान थाटले, कोणी कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यांचे उंबरे झिजवले. त्यांची मुले, नातवंडे आज याच विषयाच्या पदव्या घेत आहेत आणि 'आता पुढे काय?' असे विचारत आहेत. म्हणून माजी विद्यार्थी मंडळाने यंदा औषधनिर्मात्याचा व्यवसाय आणि त्याच्या बदलत्या वाटा हा विषय सुचविला. या विषयावर मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला का बोलावले, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझा अधिकार तेवढ्यापुरताच आहे. मी आयुष्यभर शब्दांचा, त्यातही परिभाषेचा अभ्यास केला. व्यवसाय पुढे जातो आणि त्याचे नाव मागे रेंगाळते, असे त्या अभ्यासात मला वारंवार दिसले. औषध देणाऱ्या माणसाला आपण कोणकोणत्या नावांनी हाक मारली हे पाहिले, तर त्याचे काम कोठून कोठे आले हे कळते.

प्रारंभ चरकसंहितेपासून करतो. चिकित्सेचे चार पाद तेथे सांगितले आहेत. वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. या चौघांत औषध तयार करून देणारा निराळा माणूस नाही. कारण उघड आहे. वनस्पती ओळखणे, ती कुटणे, काढा उकळणे, मात्रा उगाळणे हे वैद्याचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे काम होते. निदान करणारा आणि औषध देणारा एकच असल्यामुळे दोघांच्या मध्ये कोणी उभे राहण्याचे प्रयोजन नव्हते. युरोपात ही फारकत तेराव्या शतकात राजाज्ञेने झाली. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने वैद्याचा आणि औषध विकणाऱ्याचा धंदा वेगळा केला आणि दोघांनी आपसांत आर्थिक भागी ठेवू नये असा दंडक घातला. औषध लिहिणाऱ्याला औषध विकण्यात नफा नसावा, हा त्यामागचा विचार. आजच्या औषधनिर्मात्याचे पद या एका विचारावर उभे आहे. लिहिणारा एक आणि देणारा दुसरा असला, म्हणजे रोग्याला दोन माणसांच्या डोळ्यांचे संरक्षण मिळते.

आपल्याकडे हा दुसरा माणूस प्रथम आला तो 'कंपाउंडर' या नावाने. माझ्या पिढीला तो चांगला आठवतो. डॉक्टरांच्या खोलीशेजारी लाकडी फळ्यांची खिडकी, आत काचेच्या मोठ्या बरण्या, खल-बत्ता आणि छोटा तराजू. रोग्याने आपली बाटली घरून धुऊन न्यायची. कंपाउंडर त्यात मिश्रण भरी आणि बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एका खाचेएवढे औषध म्हणजे एक डोस. पांढऱ्या कागदाच्या पुड्या तो इतक्या सफाईने बांधी, की कणही बाहेर सांडत नसे. 'कंपाउंड' म्हणजे मिसळणे. मिसळणारा तो कंपाउंडर. नाव आणि काम यांचा मेळ येथे पूर्ण होता. मात्र बहुतेकांनी हे काम डॉक्टरांच्या हाताखाली राहून, पाहून शिकलेले असे. त्यांच्याजवळ कसब होते, परंतु त्यामागचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शास्त्र शिकविण्याच्या दिशेने आपल्या बडोद्याने फार लवकर पाऊल टाकले, याचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञावर सोपविली. पुढे १९०७ साली याच प्रा. गज्जरांनी प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह अलेंबिक ही संस्था काढली. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे यंत्र. ग्रीकमधून अरबीत आणि अरबीतून युरोपीय भाषांत गेलेला हा शब्द. किमयागारांच्या आणि अत्तारांच्या भट्टीवरचे भांडे कारखान्याच्या नावात येऊन बसले. पुढे १९४३ साली साराभाईंचा रसायन-उद्योगही बडोद्यात आला. या शहरातील कितीतरी मराठी आणि गुजराती घरांच्या चुली या उद्योगांवर चालल्या. औषधनिर्मितीचे काम खिडकीतून उठून कारखान्यात कसे गेले, हे बडोदेकरांनी आपल्या डोळ्यांसमोर पाहिले.

देशपातळीवर हा बदल तीन टप्प्यांनी झाला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातील औषधांची आणि ती देणाऱ्यांच्या शिक्षणाची दुरवस्था सरकारपुढे मांडली. १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. त्यानंतर १९४० चा औषधविषयक कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. पहिल्याने औषधाच्या गुणवत्तेचे नियमन केले, दुसऱ्याने औषध देणाऱ्याच्या पात्रतेचे. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणी वैद्याच्या चिठ्ठीवरून औषध बनवू वा देऊ नये, हे त्या दुसऱ्या कायद्याचे मर्म आहे. अनुभवाने शिकलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदवहीत स्थान मिळण्याची सोय कायद्याने ठेवली होती, ही गोष्ट मला फार समंजस वाटते.

मराठीत या माणसाला 'औषधनिर्माता' हे नाव मिळाले. संस्कृत घडणीचे, भारदस्त नाव. अडचण एवढीच, की नाव रूढ होत होते त्याच काळात दुकानातली निर्मिती संपत चालली होती. गोळ्या पट्टीत बांधून, मिश्रणे मोहोरबंद बाटल्यांत भरून कारखान्यातून येऊ लागली. खल-बत्ता शोभेपुरता उरला. ज्याला आपण निर्माता म्हणू लागलो तो आता काही निर्माण करत नव्हता, फळीवरून काढून देत होता. मग समाजाने त्याला 'मेडिकलवाला' म्हणावयास सुरुवात केली. कामातले कसब गेले की मान जातो, हे विणकरांच्या आणि तांबटांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. औषधनिर्मात्याच्या वाट्यालाही तेच आले. या व्यवसायातली तरुण मुले अस्वस्थ का असतात, एका वाटेवरून दुसऱ्या वाटेकडे का पाहत राहतात, याचे मूळ मला येथे दिसते.

कसब गेले, परंतु त्यासोबत सर्व काम गेले काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते मी माझ्या विषयाच्या भाषेत सांगतो. आपल्या शहरातील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. पाठचिकित्सेचे काम करणारा विद्वान नवा श्लोक रचीत नाही. तो वाचतो, ताडतो, संशय घेतो आणि लेखनिकाच्या हातून कोठे काय निसटले हे शोधतो. औषधनिर्माता हा चिठ्ठीचा असाच वाचक आहे, आणि रोग्याच्या पोटात औषध जाण्यापूर्वीचा तो शेवटचा वाचक आहे. त्याच्यानंतर तपासणारे कोणी नाही. एका औषधाचे नाव 'लोसेक' होते. ते जठरातील आम्ल कमी करणारे औषध. 'लेसिक्स' हे लघवीवाटे शरीरातील पाणी काढणारे. घाईच्या हस्ताक्षरात दोन्ही सारखी दिसत, आणि हा घोटाळा इतका गंभीर ठरला, की १९९० साली अमेरिकेत पहिल्याचे नावच बदलावे लागले. आपल्याकडे डॉक्टरांनी चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी, असा नियम २०१६ साली करावा लागला. ज्याला अर्थ समजतो त्यालाच अक्षराचा संशय येतो. नुसत्या विक्रेत्याला तो येणार नाही.

वाचनानंतरचे काम सांगण्याचे. बाटलीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि घेणारी आजी मराठी किंवा गुजराती बोलते. तिला 'अनशापोटी' म्हटले की कळते, तिच्या शेजारणीला 'नरणे कोठे' म्हटले की कळते. गोळी चावून खायची की गिळायची, दुधासोबत चालते की नाही, बरे वाटू लागले म्हणून प्रतिजैविक मध्येच का सोडायचे नाही, घरातल्या चमच्याने औषध का मोजायचे नाही, हे तिला तिच्या बोलीत सांगणे ही औषधयोजनेचीच शेवटची पायरी आहे. २००८ पासून देशात जनऔषधी दुकाने निघाली. तेथे औषध मूळ नावाने आणि कमी किमतीत मिळते. 'हे तेच आहे ना? मग स्वस्त कसे?' या प्रश्नाला विश्वासाने उत्तर देणारा माणूस त्या काउंटरमागे नसेल, तर म्हातारी पुन्हा महाग औषधाकडे वळते.

येथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. अनेक दुकानांत भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र चौकटीत असते आणि फार्मासिस्ट मात्र दुसरीकडे. महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेऊन प्रमाणपत्र भाड्याने देण्याची ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पालकही कधी म्हणतात, 'पदविका तरी करून ठेव, सर्टिफिकेट कामाला येईल.' मुलांनो, तुमच्यापैकी कोणी या व्यवसायात जाणार असेल, तर ही पहिली वाट आधीच बंद करून टाका. प्रमाणपत्र भाड्याने जाते तेव्हा त्या दुकानातून तो शेवटचा वाचक उठून जातो, आणि चिठ्ठी न वाचताच औषध रोग्याच्या हाती पडते.

आता वाटांविषयी. त्यांची यादी प्रत्येक मार्गदर्शन-मेळाव्यात मिळते, म्हणून मी थोडक्यात सांगतो. पण प्रत्येक वाट कोणत्या कारणाने निघाली हे सांगतो, कारण कारण समजले की वाट किती टिकेल याचा अंदाज बांधता येतो. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट न देता केवळ कृतीला दिले. त्यामुळे तेच औषध निराळ्या कृतीने बनविण्याची मुभा मिळाली आणि भारतीय कारखाने वाढले. उत्पादन आणि गुणवत्ता-तपासणी यांतल्या नोकऱ्या त्यातून आल्या. २००५ साली पदार्थाचे पेटंट परत आले, तेव्हा संशोधन, पेटंटविषयक सल्ला आणि परदेशी नियामकांपुढे कागदपत्रे सादर करण्याचे काम यांना महत्त्व आले. औषधांचे दुष्परिणाम नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यातून दुष्परिणामांच्या नोंदी तपासणारा नवा वर्ग उदयास आला. २००८ साली सहा वर्षांचा 'फार्म. डी.' अभ्यासक्रम आला. त्याचा पदवीधर रुग्णालयात खाटेजवळ जाऊन एकाच रोग्याच्या दहा औषधांचा परस्परांशी मेळ तपासतो. शासकीय औषध निरीक्षकाची वाट जुनीच आहे. या सर्व वाटांवर दोन तपांत मनुष्य एकदा-दोनदा वळण घेणार, हे आता गृहीतच धरले पाहिजे. आमच्या पिढीने एका कंपनीत लागून तिथूनच निवृत्त होण्याला जीवनाचे साफल्य मानले. ती स्थिरता आज राहिली नाही.

मग वळताना बरोबर काय न्यावे? याचे उत्तर मला एका रसायनाच्या इतिहासात सापडते. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्याचे नाव. गोडसर, पाण्यासारखा पदार्थ, पण विषारी. १९३७ साली अमेरिकेतील एका कंपनीच्या रसायनज्ञाने सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात देण्यासाठी ते त्यात विरघळविले. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा पाहिला नाही. शंभरावर माणसे गेली, त्यांत अनेक मुले होती. पुढच्या वर्षी तेथे कायदा कडक झाला. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच द्रव्य ग्लिसरीनमधून आले आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात खोकल्याच्या औषधाने सुमारे सत्तर बालके गेली, आणि २०२५ साली मध्य प्रदेशात, प्रामुख्याने छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक. ज्ञान तर १९३७ पासून पुस्तकात होते. उणीव होती ती प्रत्येक वेळी पिंप उघडताना थांबून तपासणाऱ्या माणसाची. आमचे सर प्रयोगशाळेत सांगत की बाटली उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना असे तीनदा लेबल वाचायचे. आम्हांला तेव्हा तो जाच वाटे.

या इतिहासातच एका स्त्रीची जीवनरेषा गुंतलेली आहे. फ्रान्सेस केल्सी ही १९३७ साली शिकागो विद्यापीठात औषधविज्ञानाची विद्यार्थिनी होती. त्या विषारी मिश्रणाचा शोध घेणाऱ्या आपल्या प्राध्यापकांच्या प्रयोगांत तिने काम केले. १९३८ साली तिने डॉक्टरेट मिळविली. नंतर तिने अध्यापन केले, १९५० साली वैद्यकाची पदवी घेतली, काही काळ रुग्ण तपासले आणि १९६० साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेच्या औषध नियामक खात्यात नोकरी धरली. आरंभीच थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज तिच्या टेबलावर आला. युरोपात ते धडाक्याने खपत होते. कंपनीचा दबाव होता. तिने पुरावा अपुरा म्हणून मंजुरी रोखली. ब्रिटिश नियतकालिकात छापून आलेले एक छोटे पत्र वाचून तिने मज्जातंतूंवरील परिणामांविषयी आणखी प्रश्न विचारले. त्या औषधामुळे युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. अमेरिका त्या अनर्थातून बव्हंशी वाचली. प्रयोगशाळा, वर्ग, दवाखाना, सरकारी कचेरी अशी चार वळणे या बाईने घेतली. प्रत्येक ठिकाणी तिने नेली ती एकच सवय. पुरेसे वाचल्याखेरीज 'हो' म्हणायचे नाही.

मी साहित्याचा माणूस असल्याने औषधांच्या फळ्यांमागून साहित्यात आलेल्यांचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. हेन्रिक इब्सेन ग्रिमस्टाड या गावी औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होता, आणि त्याने पहिले नाटक तेथे लिहिले. जर्मन कादंबरीकार थिओडोर फोंटाने याने औषधनिर्मात्याचा व्यवसाय सोडून लेखणी धरली. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होती. तिच्या रहस्यकथांतील विषे अचूक असतात ती त्यामुळे. १९६१ च्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीत तिने थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे वर्णिली. १९७७ साली लंडनमध्ये कतारहून आणलेल्या एका बालिकेच्या आजाराचे निदान डॉक्टरांना होत नव्हते. ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने थॅलियमची शंका बोलून दाखविली. ती खरी ठरली आणि मूल वाचले. व्यवसाय सोडून अनेक वर्षे लोटली तरी औषध देणारीचे ज्ञान असे कामी आले. म्हणून मार्ग बदलणाऱ्या मुलाला 'शिक्षण वाया घालवलेस' म्हणणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. नीट शिकलेली विद्या वाया जात नाही. वाया जाते ती केवळ प्रमाणपत्रासाठी उरकलेली.

आणि येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. महाविद्यालये फार झाली म्हणून भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ साली नव्या संस्थांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. २०२२ साली ती न्यायालयात टिकली नाही. तेव्हा प्रवेश घेताना इमारत पाहू नका. प्रयोगशाळा चालू आहे का, रुग्णालयाशी खरा संबंध आहे का, शिक्षक वर्गावर असतात का, हे विचारा. पदविकेची दोन वर्षे, पदवीची चार आणि 'फार्म. डी.'ची सहा यांत मुलाला कोणती झेपेल हे त्याच्यासह बसून ठरवा. घराण्याचे दुकान आहे म्हणून त्याला त्या दुकानात कोंडू नका, आणि परदेशाची ओढ आहे म्हणून दुकानाला हलके लेखू नका. दुकानात उभा राहून चिठ्ठी वाचणारा आणि प्रयोगशाळेत पिंप तपासणारा यांची योग्यता मी एकच मानतो.

शब्दांच्या माणसाने शेवटी शब्दाकडे परतावे. 'औषधनिर्माता' हे नाव बदलावे काय, असे मला काही विद्यार्थ्यांनी विचारले आहे. माझ्या मते बदलू नये. औषध केवळ रसायनाने बनत नाही. योग्य रोग्याला, योग्य मात्रेत, योग्य शब्दांत सांगून दिले गेले की त्या पदार्थाचे औषध होते, आणि तसे न दिले गेले तर तोच पदार्थ विष ठरतो. हे शेवटचे काम काउंटरमागचा माणूस करतो. तो तेथे जातीने उभा असेल, तर त्याला निर्माता म्हणण्यात मला काही अतिशयोक्ती दिसत नाही.